बिघडलेली शिस्त

नाशिक, १२ जानेवारी २०२५

प्रिय स्वरदा,

आशीर्वाद शेवटी देते, आधी प्रश्न. रायफलच्या मागच्या त्या बारीक भोकातून नक्की काय बघायचं असतं?

दचकू नकोस, मी अनसूयाआत्या. लातूरच्या कॉलेजातून निवृत्त झाले आणि दिवाळीनंतर नाशिकला, तुमच्याच घरी, कायमची राहायला आले. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, आता रिकामी बसले की घरातली कपाटं उघडते. तुझ्या खोलीतल्या कपाटामागे ती लांब काळी पेटी सापडली. मयुरेशला विचारलं, हे काय? तुझा बाप म्हणाला, "राहू दे ताई." मी म्हटलं, राहू दे हे काही उत्तर नाही. तो पेपर वाचायला लागला. आमचं लहानपणापासून असंच आहे, मी विचारायचं आणि त्याने पेपर वाचायचा.

तीन वर्षांपूर्वी या घरात काय झालं ते मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. मी तेव्हा लातूरला होते. फोनवर इतकंच कळलं की स्वरदाने नेमबाजी सोडली आणि ती बडोद्याला मामाकडे गेली. मग तू तिथेच चित्रकलेला प्रवेश घेतलास, नंबर बदललास, एका दिवाळीला आली नाहीस, पुढच्या दिवाळीलाही नाहीस. तुझा पत्ता मी हर्षालीकडून काढला. तुझी शाळेतली मैत्रीण मोठी पक्की आहे. देण्याआधी दहादा विचारलं, "काकांना नाही ना देणार?" नाही दिला.

ज्यांना विचारायचं ते तोंड उघडत नाहीत, म्हणून मी पेटीलाच विचारायचं ठरवलं. ती घेऊन तुझ्या क्लबात गेले, सातपूरच्या पुढे, कारखान्यांच्या मागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये. तुझे गोरक्ष सर अजून तिथेच आहेत. फौजेतून आलेल्या माणसाची मिशी ती, ताठ आहे तशीच आहे, पण पांढरी झालीय. पेटी बघून ते उठून उभे राहिले आणि माझ्या मागे कुणी येतंय का ते बघू लागले. कुणी येत नव्हतं.

"शिकायचंय," मी म्हटलं.

"कुणाला?"

"मला."

ते हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. "या मग. वय काय इचारत नाय मी. डोळा कसा हाय?"

डोळ्याचा प्रश्न मला कुणी विचारला की मी सुटतेच. सांगितलं त्यांना, जन्मभर मायक्रोस्कोपात बघितलंय, एक डोळा नळीला आणि दुसरा उघडा. दुसरा मिटला की थोड्या वेळाने दोन्ही दुखायला लागतात. सरांना ते फार पटलं. म्हणाले, नव्या पोरांचा दुसरा डोळा उघडा ठेवायला शिकवण्यातच त्यांचा अर्धा जीव जातो.

मग मी विचारलं, दुर्बीण कुठाय? सिनेमात असते ना वर लावलेली.

"दुर्बिणीवाले बी असतात आत्या, त्यांचा खेळ येगळा. आपल्याला मागं पीप, पुढं रिंग. बास. आत काचबिच काय नाय."

मला फारच गंमत वाटली. एवढी देखणी रायफल, आणि बघायला काय, तर डोळ्याजवळ लोखंडाला पाडलेलं एक भोक आणि पलीकडच्या टोकाला एक बारीक कडी. मी भोकाला डोळा लावला आणि समोरचा काळा ठिपका डोळे फाडफाडून बघितला. जितका बघावा तितका तो मेला हलतो. शेवटी चाप ओढला. छर्रा कागदावर नव्हता. सर म्हणाले, "भिंतीला लागला. भिंत बी आपलीच हाय."

तर माझं चुकतंय काय? सरांना विचारलं की म्हणतात बघत राहा, कळल. बघत राहून कळण्याइतका धीर मला कधीच नव्हता, म्हणून तुला विचारते. तुझं ते कडक कॅनव्हासचं जॅकेट घालून बघितलं. एकच हात आत गेला.

तिळगूळ सोबत आहे. चुरा झाला असेल तर चमच्याने खा. आणि आता आशीर्वाद.

तुझी,
अनसूयाआत्या


बडोदा, २७ जानेवारी

आत्या,

ठिपक्याकडे बघू नकोस. पुढच्या रिंगकडे बघ. ठिपका पुसट दिसला तरी चालतो, रिंग पुसट झालेली चालत नाही. पीपकडे तर बघायचंच नसतं, पीपमधून बघायचं.

जॅकेट पुन्हा घालू नकोस. शिवण उसवेल.

स्व.


नाशिक, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय स्व.,

(पूर्ण नाव लिहायला शाई कमी पडली वाटतं.)

चिठ्ठी पोचली. तीत दटावणीही आहे, म्हणजे तब्येत उत्तम दिसते. आता खरं सांगते. रिंगकडे बघायचं हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वेड पांघरून पेडगावला गेले होते. तू चूक बघून गप्प बसणारी नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणी मी मुद्दाम म्हणायचे, अगं बाई, निवडुंगाचं पान बघ केवढं जाड. आणि तू फणकारायचीस, "पान नाही आत्या, ते खोड असतं." अजून तशीच आहेस हे बघून मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी ती चिठ्ठी हातात धरून पोर्चमध्ये उगाच उभी राहिले.

पण सांगितलेलं कळणं वेगळं आणि दिसणं वेगळं. डोळ्याला एका वेळी एकच अंतर नीट दिसतं, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. तरी ज्याच्यावर नेम धरायचा तेच पुसट सोडून द्यायचं, हे माझ्या मनाला पटायला दोन रविवार गेले. मी रिंग बघायची, की मन म्हणायचं, अगं ठिपका पळाला बघ. मी ठिपक्याकडे जायची, की रिंग विरघळायची. मग एकदा मी मनाला म्हटलं, पळू दे. रिंग काळीभोर, कडा स्वच्छ, आणि तिच्या आत तो ठिपका धुक्यातल्यासारखा. त्याच्या भोवती सगळीकडून सारखं पांढरं. छर्रा काळ्यात लागला. सरांनी कागद ओढून आणला, भोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हां." त्या "हां"साठी तू एवढी वर्षं पहाटे उठून जायचीस का? मला तरी पुढच्या रविवारची घाई झाली.

आता माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की काच नसताना भोकातून एवढं स्वच्छ दिसतंच कसं? घरी येऊन लग्नपत्रिकेच्या कार्डाला सुईने भोक पाडलं, चष्मा काढला आणि पेपर वाचला. वाचता आला. मयुरेशला म्हटलं, ये इकडे, चष्मा काढ. तुला तुझा बाप माहीत आहे, कारखान्यात मालाची तपासणी करून करून गेज लावल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नाही. त्याने भोकातून औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं घडाघडा वाचली. आणि हसला. खरंच हसला, स्वरदा, दात दिसेपर्यंत. मग एकदम म्हणाला, "स्वरदाने दाखवलं होतं मला हे." कार्ड टेबलावर ठेवलं आणि कुंड्यांना पाणी घालायला गेला. त्या कुंड्यांना मी सकाळीच पाणी घातलं होतं.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती, ती लिहिते. मला क्लबावर तोच सोडतो. सातपूरच्या त्या ट्रकांमधून रिक्षाने जायची माझी छाती नाही. तो गाडी झाडाखाली लावतो आणि मी येईपर्यंत आत बसून असतो. मी म्हटलं, आत का येत नाहीस, सरांशी भांडण आहे का? तर म्हणाला, "भांडण कसलं? उलट त्या माणसाने फोन करून सांगितलं म्हणून मला वेळेवर कळलं." मी विचारलं, काय कळलं? त्याने गाडीची काच वर केली.

एरवी तुझं नाव तो घेत नाही. पण जेवताना विचारतो, "पोस्टमन आला होता का?" या घरात पोस्टाने काय येतं, सांग बरं. तुझी चिठ्ठी मी त्याला दाखवलेली नाही. फक्त फ्रीजवर चुंबकाने लावली. फ्रीजवर काय लावायचं हा माझा प्रश्न आहे. काल बघितलं तर ती तिरकी झाली होती आणि चुंबक दुसरंच होतं.

तर मला एवढंच सांग. कसला फोन? सरांनी त्याला काय सांगितलं होतं? नसेल सांगायचं तर तसं लिही, मी दुसरीकडे विचारीन. गप्प बसायला मला जमत नाही.

तुझी,
आत्या


नाशिक, २ मार्च २०२५

प्रिय स्वरदा,

तुझं उत्तर आलं नाही. पण मला ते दुसरीकडे मिळालं, आणि आता वाटतंय तुलाही ते माहीत नसावं. हे पत्र बसून वाच.

आज सकाळी माझे छर्रे एकामागून एक डावीकडे जायला लागले. मी रिंग बघत होते, श्वास सोडत होते, सगळं तू नि सर सांगता तसं करत होते, तरी डावीकडे. सर मागे येऊन उभे राहिले. मला तिथे सगळे आत्याच म्हणतात. सर म्हणाले, "आत्या, तुमची शिस्त बिघडली."

माझा पारा चढला. मी रायफल खाली ठेवली आणि म्हटलं, "काय केलं मी? वेळेवर येते, कुणाच्या मध्ये जात नाही, जागा झाडून ठेवते. जन्मभर पोरांना शिस्त लावली मी, आणि माझी शिस्त बिघडली?"

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पलीकडे उभी असलेली पूजा नावाची मुलगी, हल्ली क्लबात तिचा नेम सगळ्यांत पक्का आहे, ती खाली बघून हसत होती.

"आवो तसं नाय," सर म्हणाले. "शिस्त म्हंजे नेम. फौजेत असंच म्हणतात. शिस्त लेना और फायर करना. तुमचा गाल सरकतोय, डोळा पीपच्या मधोमध येत नाय, म्हून शिस्त डावीकडं बिघडली."

पूजा म्हणाली, "आम्हाला पण पैल्यांदा असंच वाटलं होतं आत्या. मला वाटलं, सर माझ्या केसांना बोलले."

मी हसले. सगळेच हसलो. मी गाल नीट टेकवला, पुन्हा डोळा लावला, आणि रिंग दिसायच्या आधी मला गाडीत बसलेला मयुरेश दिसला. मी रायफल पुन्हा खाली ठेवली.

"सर, तुम्ही स्वरदाच्या वडिलांना फोन केला होता ना? तेव्हा काय म्हणालात?"

सर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "हेच. साहेबांना म्हणलो, पोरीची शिस्त बिघडलीय, लय दिवस झाले, घरी जरा लक्ष द्या. मला डोळ्याची शंका व्हती. एवढी शांत पोर, गाल जागेवर, श्वास जागेवर, आन छर्रा कुठंबी. डोळे दाखवून घ्या म्हणणारच व्हतो, तेवढ्यात साहेब म्हणले, समजलं, मी बघतो. आन फोन ठिवला. दुसऱ्या दिशी पोर आली नाय. मंग आलीच नाय. मला वाटलं, आपलंच काय तरी लागलं तिला."

म्हणजे ते इतकी वर्षं हेच धरून बसले होते, की तू त्यांच्यावर रागावून गेलीस. आणि मला वाटतं, तू हे धरून बसलीस की सरांनी घरी तुझी चहाडी केली.

गाडीत बसल्यावर मी मयुरेशला सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. तो गाडी चालवत राहिला. घराकडे वळायचं तिथे वळलाच नाही. त्र्यंबकच्या रस्त्याला लागला, अंजनेरीचा डोंगर दिसायला लागला तरी तो थांबेना. मी आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं नाही. शेवटी एका भेळवाल्याच्या टपरीजवळ त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

मग त्याने सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्याने तुला कोपऱ्यावर ललितच्या गाडीवरून उतरताना बघितलं होतं. ललित हा तुमच्या क्लबातला मुलगा, इतकंच त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. शिस्त बिघडलीय, लक्ष द्या. त्याने सुतावरून स्वर्ग गाठला. घरी आला, तुझ्या हातातली पेटी घेतली, उद्यापासून सगळं बंद म्हणाला, आणि वर म्हणाला, "बरं झालं, तुझी आई हे बघायला नाही."

हे वाक्य मला आज कळलं, स्वरदा. तुझी आई वेदिका गेली तेव्हा तू केवढी होतीस ते मला माहीत आहे. मी गाडीतून उतरले आणि टपरीच्या मागे जाऊन उभी राहिले. भाऊ लहान असला तरी त्याच्या थोबाडीत द्यायचं वय निघून गेलेलं असतं, याचं मला फार वाईट वाटलं.

परत आले तेव्हा तो म्हणाला, "ताई, सरांचा शब्द बरोबर होता, माझा अर्थ चुकला. पण पुढचं जे बोललो ते कुणाच्या शब्दामुळे नाही बोललो. ते माझंच होतं."

मी त्याची वकिली करत नाही. त्याने स्वतःही केली नाही, एवढंच तुला कळवते. घरी येऊन जुना शब्दकोश काढला. त्यात शिस्त या शब्दापुढे नेम हा अर्थ खरोखरच दिलाय. आपल्याच भाषेतला शब्द, आपणच विसरलो, आणि फौजेतून परतलेल्या तुझ्या सरांनी तो जपून ठेवला. एरवी असा शब्द सापडला असता तर मी चार लोकांना फोन केले असते. आज कोश मिटून ठेवला.

सरांनी तुझी चहाडी केली नव्हती. त्यांना तुझ्या डोळ्याची काळजी होती. आणि आता मला आहे. डोळा कसा आहे? कुणाला दाखवलास का? बाकी कशाचं उत्तर दे न दे, याचं दे.

आत्या


बडोदा, ११ मार्च

आत्या,

डोळा बरा आहे. काळजी करू नकोस.

सर चहाडी करतील हे मला तेव्हाही नीट पटलं नव्हतं, पण बाबा म्हणाले "तुझ्या सरांनीच फोन करून सांगितलं" आणि मी ते धरून बसले. सरांना माझा नमस्कार सांग. मी रागावले नव्हते म्हणावं. मला लाज वाटत होती, आणि कशाची ते कळत नव्हतं.

शब्दाचं समजलं. बाबांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, ठीक आहे. मलाही पहिल्या वर्षी माहीत नव्हता. पण मी त्यांच्या समोर उभी होते. मला विचारलं का नाही? "सर असं का म्हणाले?" एवढं एक वाक्य. मी एका वाक्यात सांगितलं असतं.

हे तूच विचार त्यांना. तुला हौस आहे ना विचारायची.

स्वरदा


नाशिक, २३ मार्च २०२५

प्रिय स्वरदा,

विचारलं.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. दाखवू का, हे तुला विचारायला हवं होतं, पण मग पुन्हा दोन आठवडे गेले असते. तो ऐकत होता आणि मी वाचता वाचता त्याच्याकडे बघत होते. "मला विचारलं का नाही" इथे आले तेव्हा त्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला. पुसतच राहिला. मी म्हटलं, सांग, का नाही विचारलंस? तो म्हणाला, "विचारलं तर ती काहीतरी सांगेल, आणि मग मला ते ऐकावं लागेल, याची भीती वाटली. ती मोठी झाली होती ताई. मला तिच्याशी बोलताच येत नव्हतं. फोन आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, की चला, आता नुसतं रागवायचं आहे."

हे मी तुला जसंच्या तसं लिहिलं आहे. बरं आहे की वाईट ते तू ठरव. मला ऐकून राग आला आणि त्याची कीवही आली.

मागच्या रविवारी तो माझ्याबरोबर आत आला. सर खुर्चीवरून उठले. दोघे एकमेकांसमोर उभे, आणि पूजाने सुद्धा छर्रा भरायचं थांबवलं. मयुरेश म्हणाला, "मी त्या दिवशी फोन लवकर ठेवला."

सर म्हणाले, "व्हय. लय लवकर."

मग त्यांनीच त्याला खुर्ची दिली. चहा आला. मयुरेशने कपाकडे बघत विचारलं, "तिला नक्की काय होत होतं तेव्हा?" सर म्हणाले, "मला काय दिसलं ते मी सांगीन साहेब. तिला काय दिसत व्हतं ते मी कसं सांगू? ते पोरीला इचारा."

घरी आल्यापासून तो तुला पत्र लिहितोय. रोज कारखान्यातून आला की टेबलाशी बसतो. मी चोरून बघितलं. पहिला कागद सुरू होत होता, "मला वाटलं की". दुसराही "मला वाटलं की". तिसऱ्यात "त्या परिस्थितीत मला असं वाटलं की". मी कागद उचलले आणि म्हटलं, तुला काय वाटलं ते सगळ्या घराला माहीत आहे. त्याच्यामुळेच तर पोर गेली. तुला तिला काय विचारायचंय ते लिही. तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, तुला एवढंच तर जमत नाही.

सोबत त्याचं पाकीट आहे. त्याने स्वतः चिकटवलंय, माझ्यापासून जपून. पत्ता मी घातला, त्याला दाखवला नाही, हर्षालीला दिलेला शब्द अजून पाळतेय. पाकीट मी ट्यूबलाइटसमोर धरून बघितलं, हे कबूल. फार काही दिसलं नाही. एकच ओळ आहे आणि शेवटी प्रश्नचिन्ह आहे. 

उत्तर त्यालाच दे. मला नको. मी मध्ये राहिले तर तुम्ही दोघं जन्मभर माझ्याशीच बोलाल.

तुझी,
आत्या


बडोदा, ३ एप्रिल

बाबा,

तुम्ही लिहिलंत, "त्या दिवसांत तुला पीपमधून काय दिसत होतं?"

सांगते. मला रिंग दोन दिसत होत्या. एक ठळक आणि तिच्या खांद्याशी दुसरी, पुसट. दोन्ही हलायच्या. सकाळी पहिली खरी वाटायची, दमले की दुसरी. कुठली धरायची ते मी अंदाजाने ठरवायचे, आणि अंदाज चुकला की छर्रा कुठेही जायचा. डोळा जातोय असं मला वाटत होतं. सरांना सांगितलं नाही, कारण ते मला नेमाला उभं करणार नाहीत अशी भीती होती. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही रायफल बंद कराल असं वाटलं.

ललितला सांगितलं होतं. त्याच्या काकांचं कॉलेज रोडला चष्म्याचं दुकान आहे, तिथे डोळे तपासतात. त्या संध्याकाळी तो मला तिकडे घेऊन गेला. दुकान बंद होतं. परत येताना तुम्ही आम्हाला कोपऱ्यावर बघितलंत. ललितने मला सोडताना सांगितलं, "घरी सांगून टाक. लपवून डोळा बरा व्हायचा नाही." मी रात्रभर वाक्यं जुळवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावरून आल्यावर सांगणार होते. दाराशी येऊन उभीही राहिले होते, पेटी हातात होती कारण रिंग दाखवून समजावणार होते. तुम्ही आधी बोललात.

इथे आल्यावर कॉलेजात छापचित्रासाठी तांब्याच्या पत्र्यावर रेघ कोरताना रेघाही दोन दिसायला लागल्या. मामाने डॉक्टरकडे नेलं. तिरका नंबर निघाला. चष्मा लागला आणि रेघ एक झाली. एवढंच होतं, बाबा. चष्मा.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून मी खूप रडले होते. मामाला वाटलं मी चष्म्यासाठी रडतेय. तो म्हणाला, हल्ली छान फ्रेम मिळतात.

आईबद्दल तुम्ही जे बोललात ते मी विसरलेले नाही. आत्या मध्ये पडून किती गोड लिहिते, पण ते तिच्या लिहिण्याने पुसलं जाणार नाही आणि तुमच्या एका ओळीनेही नाही. घरी येईन असं मी आज लिहीत नाही, कारण खरंच माहीत नाही. पण तुमची ओळ मी पुष्कळदा वाचली. तुम्ही मला याआधी कधी असं काही विचारलं होतं का ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

माझा फोन नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. रविवारी सकाळी मामा-मामी बाजारात जातात, मी घरी एकटी असते. फोन करा. आधी तुम्ही विचारा, मी सांगेन. मग मी विचारीन.

स्वरदा